भिगवणची बोट सफारी : पक्षी पाच स्टार, बोटवाले साडेचार, पाणी आपलंच

आधीच सांगतो म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचं नाही ते इथूनच सुटतील. उजनी धरणाच्या पाण्यावरची भिगवणची बोट सफारी पैसा वसूल आहे. पुण्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं, आणि फ्लेमिंगोचा थवा समोर उभा असतो तेव्हा ज्याला चिमणी आणि साळुंकीतला फरक कळत नाही तोही दोन मिनिटं गप्प बसतो. पक्ष्यांना पाचपैकी पाच. बोटवाल्यांना साडेचार, अर्धा का कापला ते पुढे सांगतो. पाण्याला किती द्यायचे हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण ते पाणी आपण पुणेकरांनीच पाठवलेलं आहे.

जायचं कसं, तर सोलापूर हायवे. पहाटे चारला निघा, साडेचारनंतर निघालात तर हडपसरच्या पुढेच मूड जातो. उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटसचा टोलनाका, कुरकुंभ आणि मग भिगवण. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या डबल लोड करून बिनलाइटच्या चाललेल्या असतात त्यामुळे गाडी सांभाळून चालवा, धुक्यात ट्रॉली अगदी बोनेटला टेकल्यावर दिसते. भिगवण गावात बोट नसते हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं. बोटी कुंभारगाव आणि डिकसळ या बाजूला आहेत. फ्लेमिंगोसाठी कुंभारगाव, आणि जुना ब्रिटिशकालीन पूल, गल म्हणजे कुरव, ऑस्प्रे म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी वगैरे पाहिजे असेल तर डिकसळ, असं साधारण गणित, पण पक्ष्यांना आपलं गणित माहीत नसतं त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून विचारा.

बोट म्हणजे मासेमारीचीच होडी. कंपनीची सफारी, काउंटर, क्यूआर कोडवालं तिकीट असलं काही डोक्यात ठेवून जाऊ नका. सकाळी जाळी काढून आलेला माणूसच तुम्हाला फिरवतो. दर बोटीवर असतो, माणशी नाही, वीकेंडला चढतो, त्यामुळे फोनवरच आकडा ठरवून घ्या, आणि किती वेळ ते पण ठरवून घ्या कारण तासाभराची फेरी आणि तीन तासांची फेरी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोटो काढायचे असतील तर एका बोटीत तिघांच्या वर बसू नका. आम्ही बसलो त्या बोटवाल्या मामांनी कोणी काही न सांगता मोठी लेन्सवाल्याला पुढे, मोबाइलवाल्यांना मागे आणि एका काकूंना मधे फळीवर असं सेट करून दिलं, अर्ध्या लग्नांत फोटोग्राफरला एवढी समज असलेला माणूस भेटत नाही.

लाइफ जॅकेट मागा. दिलं नाही तर बसू नका. बाकी कशावरही घासाघीस करा, याच्यावर नाही. मे २०२४ मध्ये याच उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते पाणी वरून बशीतल्या चहासारखं शांत दिसतं पण वारा सुटला की पंधरा मिनिटांत नूर पालटतो. आमच्याकडच्या जॅकेटचे बक्कल तुटके होते, मामांनी सुतळीने बांधून दिले, कापलेल्या अर्ध्या मार्कातला थोडा त्याचा.

आता बोटवाल्यांचं खरं स्किल. थवा लांब दिसला की चांगला बोटवाला इंजिन बंद करतो आणि बांबू काढतो. तिथे पाणी गुडघाभर असतं, बांबू तळाशी रोवायचा आणि ढकलायचं, आवाज जवळपास नाहीच. सरळ थव्यावर जात नाहीत, तिरकं जातात, दोन मिनिटं जायचं, पाच मिनिटं थांबायचं, सूर्य आपल्या पाठीशी येईल अशी बोट फिरवून ठेवायची. पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबायचं, माना परत खाली गेल्या की पुढे. असं करत करत आम्ही एवढे जवळ गेलो की फ्लेमिंगो चिखलात पाय थपथप आपटतो, तळ ढवळतो आणि मग चोच उलटी करून ते गढूळ पाणी गाळतो, हे सगळं बिनदुर्बिणीचं दिसत होतं. आवाजसुद्धा ऐकू येत होता, शंभर माणसं एकदम हळू आवाजात कुरकुर करतायत असा. तो गुलाबी रंग पण या गाळण्यातूनच येतो, खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जीवांमधून. पिल्लं राखाडी असतात.

आणि आता कापलेला बाकीचा मार्क. मागे एकदा दुसऱ्या एका बोटीत बसलो होतो, नाव घेत नाही, तिथला पोरगा इंजिन चालू ठेवूनच थेट थव्यात घुसला. का तर बोटीतल्या दोघांना फ्लाइट शॉट पाहिजे होता, "दादा उडवा ना जरा" असं चाललेलं. उडवले. फ्लेमिंगोला हेलिकॉप्टरसारखं जागेवरून उडता येत नाही, त्याला पाण्यावरून धावत जाऊन उठावं लागतं, सकाळच्या खाण्याच्या वेळेत प्रत्येक बोटीमागे एकदा असं पळायला लावलं तर त्याने पोट कधी भरायचं? पट्टकादंब, म्हणजे बार-हेडेड गूज, तर हिमालय ओलांडून येतात, तसेच परत जाणार, त्या प्रवासाची चरबी इथे जमवायची असते आणि आपण ती लाइकसाठी जाळतो. दोष एकट्या पोराला देणार नाही, गिऱ्हाइकाने मागितलं, त्याने दिलं. फोटोग्राफीच्या स्पर्धा घेणाऱ्यांनी उडत्या थव्याचे फोटो एक-दोन वर्षं घ्यायचेच बंद केले तर हा धंदा आपोआप बसेल असं माझं मत आहे, कोणाला पटो न पटो. गल पक्ष्यांना गाठी-फरसाण टाकणं हाही तसलाच प्रकार. डोक्यावर घिरट्या घालतात, रील मस्त येतं, पण मासे खाणाऱ्या पक्ष्याला बेसन आणि पामतेल कशाला?

सीझनचं आता सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. जुन्या लेखांत, ब्लॉगवर सगळीकडे 'डिसेंबर ते मार्च' असं लिहिलेलं असतं. डिसेंबरात आम्ही गेलो तेव्हा फ्लेमिंगो जवळपास नव्हतेच, लांबवर पांढरी रेघ दिसत होती तेवढीच. मामा म्हणाले, "पाणी अजून लई हाय सर, त्यांनी उभं कुठं ऱ्हायचं?" मुद्दा बरोबर आहे. फ्लेमिंगोला पाय टेकून चरायला उथळ पाणी लागतं, धरण काठोकाठ भरलेलं असेल तर चिखलाचे पट्टे उघडेच पडत नाहीत. आणि उजनीचं पाणी आता कुठल्याच कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५९ टक्क्यांच्याही खाली गेलेलं, उणे म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्यात हात घातलेला, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं आणि लोक तिथे सेल्फी काढायला जात होते. तेच धरण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फुल्ल. वरच्या बाजूला पुण्यात २५ जुलैला सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी. नंतर २०२५ ला तर कहरच, मे महिन्यातच बारामती, इंदापूर, दौंडला ढगफुटीसारखा पाऊस, मान्सून २६ मे ला मुंबईत, इतक्या लवकर कधी आल्याची नोंद नाही, आणि जिथे मेच्या शेवटी तळ दिसायचा तिथे पाणी चढायला लागलं.

एका वर्षावरून हवामान बदललं असं म्हणू नये हे मला कळतं. फ्लेमिंगो एखाद्या सालात उशिरा आले तर त्याला शंभर कारणं असू शकतात, ते दुसरीकडे कुठे चांगलं खायला मिळालं तर तिकडे थांबतात. पण आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच दाखवलंय की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणारा ओलावा आहे. आम्ही फोटोवाले लोक हे आकडे वाचत नाही, आम्हाला ते हार्डडिस्कमध्ये दिसतात. तीच जागा, तोच महिना, आणि एका फोल्डरमध्ये भेगाळलेली जमीन, दुसऱ्यात झाडांच्या शेंड्यांपर्यंत पाणी. बोटवाल्यांना आमच्याही आधी कळतं कारण त्यांचं जाळं त्यावर अवलंबून आहे.

बरं, आता पाणी. ज्यासाठी मी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला बसलो.

मामांनी बांबू वर काढला तेव्हा खालचा हातभर भाग काळाकुट्ट होता. डांबर लावल्यासारखा. आणि वास. पुणेकराला तो वास ओळखायला वेळ लागत नाही, भिडे पुलावरून जाताना हेल्मेटच्या काचेतून पण येतो तोच. मी तोंड वाकडं केलेलं बघून मामा हसून म्हणाले, "हे तुमच्या पुण्याचंच हाय की सर." त्यात टोमणा पण नव्हता, नुसती माहिती दिल्यासारखं बोलले, म्हणून जास्तच लागलं.

भूगोल शाळेत शिकलेलोच असतो आपण, पण जोडून कोणी बघत नाही. मुठा आणि मुळा संगमावर भेटतात, पुढे मुळा-मुठा हडपसर, मांजरी, लोणी करत रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, आणि भीमा जाते उजनीत. पिंपरी-चिंचवडकरांनी हसायचं कारण नाही, पवना दापोडीला मुळेत येते आणि इंद्रायणी तुळापूरला भीमेत, म्हणजे आळंदीचा फेस पण त्याच बादलीत. शिवाय वाटेतल्या एमआयडीसी, शिवाय दोन्ही तीरांवरच्या उसाचं खत. या सगळ्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाला पंचपक्वान्नं. उन्हाळ्याकडे पाणी उतरतं तसं ते घट्ट होतं आणि हिरवं पडतं, ऑइलपेंटचा डबा सांडावा तसा हिरवा थर. हेच पाणी सोलापूर शहर पितं. पुण्यात कोणी सोलापूरकर भेटला तर त्याच्याशी पाणी सोडून कशावरही बोला.

कॅमेऱ्यात हे कसं येतं ते सांगतो, कारण इथे आमच्या धंद्याची लबाडी आहे. फ्रेम हिरव्या पाण्याने भरलेली असली की ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा रंग आपोआप जुळवतो ते सेटिंग, गोंधळतो, त्याला वाटतं हिरवं जास्त झालं, तो फोटोत मजेंटा ढकलतो. फ्लेमिंगो मग आहे त्याच्या दुप्पट गुलाबी. घरी आल्यावर एडिटिंगला बसलं की राहिलेला हिरवा काढून निळा करायला एक स्लायडर पुरतो, काठाला अडकलेली दुधाची पिशवी हीलिंग ब्रशने एका क्लिकमध्ये गायब. झालं, कच्छचं रण वाटावं असा फोटो तयार. इन्स्टावर 'भिगवण' टाकून बघा, निळ्याशार पाण्यात गुलाबी पक्षी. एवढं निळं पाणी मी तिथे अजून पाहिलेलं नाही. क्लाएंटला प्रिंट पाहिजे असते ती पण तशीच, दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे लावायला, त्यात जलपर्णी आणि औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट कोणाला चालणार? मी हल्ली व्हाइट बॅलन्स हाताने ठेवतो, डेलाइटला, आणि पाणी जसं आहे तसं येऊ देतो. फोटो कमी विकले जातात. ते चालेल, लग्नाचे सीझन आहेत की.

ज्यांना भिगवणपर्यंत जायचं नाही त्यांनी कवडीपाटला जावं, लोणी काळभोरच्या अलीकडे, हाच पिक्चर शहराच्या दाराशी बघायला मिळतो. बंधाऱ्याखाली साबणासारखा फेस, त्यात शेकाट्या लाल पाय बुडवून उभे, आणि थर्माकोलच्या तुकड्यावर शेपटी हलवत बसलेला धोबी पक्षी. पर्यटन म्हणून बोट नाही, फी नाही, एंट्री फुकट. फक्त नाक घरी ठेवून जा.

महापालिकेचं म्हणाल तर नदी साफ करायचा जायकाचा, म्हणजे जपानी कर्जाचा, प्रकल्प २०१६ ला मंजूर झालाय, नवीन ११ सांडपाणी केंद्रं, ३९६ एमएलडी, म्हणजे रोज ३९६ दशलक्ष लिटर. तेव्हा शाळेत असलेली पोरं आता नोकरीला लागली आणि बांबू अजून काळाच निघतोय. दरम्यान ४४ किलोमीटर नदीकाठ सुशोभीकरणाचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये दणक्यात झालं. त्यासाठीच्या झाडतोडीविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरलेले, मीही होतो कॅमेरा घेऊन. आधी पाणी स्वच्छ करा, बाकं मग लावा, एवढं साधं म्हणणं होतं लोकांचं. बाकावर बसून वास घ्यायचाय का?

भिगवणला अजून एक आवाज ऐकू येतो, ते पण लिहून ठेवतो. लांबून घरघर येते, पर्यटकांना वाटतं शेतातला पंप असेल. वाळूउपसा. महसूलवाले मधून मधून धाड टाकतात, जिलेटिनने बोटी उडवतात, पेपरात फोटो येतो, काही दिवसांनी घरघर परत चालू. जिथे वाळू उपसून खड्डे पडतात तिथे उथळपणाच राहत नाही, मग पक्ष्याने काय पोहायचं?

एवढं सगळं असून पक्षी येतातच कसे हा प्रश्न मला कायम विचारला जातो. येतात कारण त्यांना पर्याय कमी होत चाललेत, आणि घाण पाण्यात काही जातींना खायला मुबलक असतं, शेवाळ, किडे, गोगलगायी. म्हणजे 'पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगलं' हे लॉजिक इथे चालत नाही. उलट कुठल्या जाती वाढतायत आणि कुठल्या दिसेनाशा झाल्या ते बघावं लागतं. माशांचं तेच. बोटवाल्यांना विचारा, रोहू-कटला पूर्वीइतके जाळ्यात येत नाहीत म्हणतात, येते ती चिलापी, जी कशाही पाण्यात तग धरते.

जेवणाबद्दल विचाराल तर भिगवणची मच्छी थाळी हायवेवर फेमस आहे आणि कुंभारगावात घरगुती पण मिळते, भाकरी, तळलेला मासा, झणझणीत रस्सा, चवीला एक नंबर. बांबूचा रंग बघितल्यावर मी पिठलं-भाकरी मागवली. बाकीचे मिटक्या मारत जेवले आणि कोणाला काही झालं नाही हेही प्रामाणिकपणे सांगतो. पिठलं पण भारी होतं.

सोबत काय न्यावं : ४०० ते ६०० एमएमची लेन्स असेल तर उत्तम, ट्रायपॉड घरी ठेवा, होडीत त्याचा उपयोग शून्य, बीनबॅग किंवा तांदळाची छोटी पिशवी कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेका. फ्लेमिंगोचा पांढरा-गुलाबी पटकन जळतो म्हणून एक्स्पोजर थोडं खाली. भडक लाल-पिवळे कपडे नकोत. स्वेटर लागतोच, पाण्यावर सातला पण हुडहुडी भरते आणि दहाला घाम फुटतो. ड्रोन आणू नका, प्लीज. टॉयलेटची सोय जेमतेम, बायकांनी हायवेवरच्या हॉटेलात आटपून पुढे जावं. मुलं नेली तर जरूर न्या, फक्त आधी सांगून ठेवा की प्राणिसंग्रहालय नाहीये, आरडाओरडा चालणार नाही.

आणि बोट बुक करताना फोनवर 'पक्षी आहेत का' असं विचारू नका. उत्तर कायम 'लई हायत' असंच येतं, ते खोटंही नसतं कारण बगळे आणि वारकरी (काळी पाणकोंबडीसारखी कूट) तर भरपूर असतातच. 'पाणी किती उतरलंय, फ्लेमिंगो कुठल्या बाजूला चरतायत, बांबूने नेणार का' असं विचारा. पन्नास रुपये जास्त सांगितले तरी चालेल, पण जो म्हणेल 'या शनिवारी नका येऊ सर, अजून पंधरा दिवस जाऊ द्या', त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.